मधुवंतीच्या फॉर्मवरचे शेरे

बाळांनो, जरा डोळे मिटा. नीट मिटा, फटीतून बघायचं नाही. आता अशी कल्पना करा, की तुम्ही पंधरा वर्षांचे आहात, तुमच्या हातात एक कागद आहे, आणि तो आज संध्याकाळी पाचच्या आत सयाजीगंजातल्या एका खिडकीत पोचला नाही तर तुमचं नाव कापलं जाणार आहे. रावपुऱ्याहून सयाजीगंज सायकलवर पंधरा मिनिटं. घड्याळात दुपारचा एक वाजलाय. तुम्ही म्हणाल, मग घाई कसली? तुम्ही असं म्हणू शकता, कारण तुम्ही दफ्तरदारांच्या घरात जन्माला आला नाहीत.

मधुवंती आली होती.

कागद म्हणजे एक फॉर्म होता, गुजरातीत छापलेला. राज्याच्या सोळा वर्षांखालच्या मुलींच्या फुटबॉल संघाचं महिनाभराचं शिबिर अहमदाबादेत भरणार होतं. प्रशिक्षकांनी मधूला पोलो मैदानावर तीनदा खेळताना पाहून तिचं नाव काढलं होतं. पण शिबिर भरवणाऱ्या ट्रस्टला नुसते पाय नको होते. फॉर्मवर तीन चौकोन होते: अभ्यास, रमतगमत म्हणजे खेळ, आणि समाजसेवा. खाली पालकांच्या सहीची रेघ. आणि डाव्या हाताला, चांगला चार बोटं रुंद, कोरा समास.

तो समासच नडला.

शेरा म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला हवं. पूर्वी कचेरीत कुणाचा अर्ज आला की साहेब कडेच्या मोकळ्या जागेत दोन शब्द लिहायचा. मंजूर. नामंजूर. चौकशी व्हावी. बस, तेवढ्यावर माणसाचं नशीब ठरे. मधूचे पणजोबा बडोद्याच्या हुजूर कचेरीत असे शेरे मारत. संस्थान गेलं, पागोटी गेली, कचेरीतली खुर्ची गेली. शेरा मात्र घरी राहायला आला. दफ्तरदारांच्या घरातून कुठलाही कागद बाहेर जायचा तर आधी त्याची कच्ची प्रत थोरल्यापासून धाकट्यापर्यंत पुरुषांच्या हातून फिरे, प्रत्येक जण समासात शेरा लिही, आणि मग साफ प्रत निघे. गॅसच्या नळीचा अर्ज असो की शाळेला दोन दिवस न आल्याची चिठ्ठी, हाच रिवाज. मधूच्या गोवराची चिठ्ठी शाळेत पोचली तेव्हा गोवर बरा होऊन आठ दिवस झाले होते.

त्या दिवशी चंपाषष्ठी होती. वांग्याचं भरीत नि रोडगे खाऊन सगळे दिवाणखान्यात सुस्तावले होते. खालच्या रस्त्यावर रिक्षा आणि स्कूटर एकमेकींवर खेकसत होत्या.

"आबा, एवढं बघता का?" मधूनं फॉर्म आजोबांपुढे धरला.

बळवंतराव आजोबा एक्याऐंशी वर्षांचे. त्यांनी कागद डोळ्यांपासून हातभर लांब धरला, मग नाकाला लावला, आणि समासात सर्वांत वर लिहिलं: 'पाहिले.' गेली बारा वर्षं ते एवढंच लिहीत. काय पाहिलं, हे त्यांना कुणी विचारत नसे.

"आबा, त्यावर नका ना लिहू! एकच फॉर्म आहे. छापील आहे," मधू म्हणाली.

"म्हणजे वडिलांनी बघायचं नाही?" मोठे काका भास्करराव आरामखुर्चीतून म्हणाले. सरकारी कचेरीत छत्तीस वर्षं खिडकीवर बसून ते निवृत्त झाले होते, पण खिडकी काही त्यांच्यातून निवृत्त झाली नव्हती. "आण इकडे. पेन कुठाय?"

"काका, पेन्सिलीनं तरी..."

"पेन्सिलीनं शेरा? पेन्सिलीनं किराणा लिहितात."

त्यांनी चष्मा पुसला. अभ्यासाचा चौकोन मोठ्यानं वाचला. "टक्केवारी अठ्ठ्याऐंशी. वर्गात दुसरी. गणितात सत्त्याण्णव." मग चष्म्यावरून बघितलं. "तीन कुठे गेले?"

"एक प्रमेय अर्धंच लिहिलं, काका. मॅच होती, पेपरातून लवकर उठले."

"ऐका! प्रमेय अर्धं टाकून ही चेंडूमागे गेली." आणि त्यांनी शाईत लिहिलं: 'गणितातील उर्वरित तीन गुणांबाबत खुलासा मागवावा.'

बाळांनो, याच भास्कररावांचा मुलगा उत्कर्ष डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला तिसऱ्यांदा बसला होता. त्याच्या अर्जावर त्यांनी 'होतकरू' असा शेरा मारला होता. होतकरू उत्कर्ष या घडीला आतल्या खोलीत केबलवर कुस्ती बघत होता.

फॉर्म जयवंतरावांकडे गेला. मधले काका. बँकेत होते, आणि तरुणपणी मोतीबागेच्या मैदानावर एकदा बारावा गडी म्हणून पाणी घेऊन गेले होते. त्या पाण्यावर ते तीस वर्षं तरंगत होते.

"फुटबॉल!" ते म्हणाले. "मधू, बडोदं कशाचं गाव? क्रिकेटचं. तुला खेळायचंच तर बॅट घे. लाथा काय मारायच्या? लाथ मारायला अक्कल लागते का?"

"जयाकाका, परवाच्या स्पर्धेत मी अकरा गोल केले."

"गाढवसुद्धा मारील. मोजायला कुणी बसत नाही, एवढंच."

स्वतःच्या विनोदावर ते खुसखुसले आणि त्यांनी लिहिलं: 'क्रिकेट असते तर विचार करता आला असता. लाथा मारणे हा आपला कुलाचार नव्हे.'

राहिला तिसरा चौकोन. तो भरताना मधूची खरी पंचाईत झाली होती. कारण ती जे करत होती ते कुठल्या चौकोनात घालायचं, हेच तिला कळेना. स्टेशनामागच्या वस्तीत एक लांबलचक भिंत आहे. तिथे मधू आठवड्यातून तीनदा जाई. कोळशानं भिंतीवर चौकोन आखी, चौकोनांत आकडे लिही, आणि ओरडे, "सात नव्वे!" पोरांनी चेंडू मारायचा तो त्रेसष्टावर. चुकलं की रांगेच्या शेवटी. चौदा पोरं होती. जून महिन्यात त्यांतल्या नऊ जणांना पाढे म्हणजे काय हे ठाऊक नव्हतं. आता लाखी नावाची आठ वर्षांची मुलगी डाव्या पायानं सतरा सक्का एकशे दोनावर नेम धरत होती. हा अभ्यास, की खेळ, की समाजसेवा? मधूनं शेवटी समाजसेवेत लिहिलं, कारण तोच चौकोन रिकामा होता.

"स्टेशनामागे?" मोठी काकू, प्रेमला, विड्याचं तबक घेऊन आली होती. "हे कधीपासून? घरात स्वतःचं ताट उचलत नाही, आणि जगाची सेवा!"

"काकू, आज सगळ्यांची ताटं मीच उचलली."

"एक दिवस उचललीस गं बाई. त्याचा फॉर्म भरू का?"

बायका शेरे लिहीत नसत. तेव्हा भास्कररावांनी फॉर्म परत मागवून तिसऱ्या चौकोनाशेजारी बायकोच्या वतीनं लिहिलं: 'सौ. म्हणतात, ताट उचलणे ही पहिली समाजसेवा.'

मग कागद मधूच्या बाबांकडे आला. देवेंद्र सगळ्यांत धाकटे. गावाबाहेरच्या रसायनांच्या कारखान्यात त्यांच्या हाताखाली चाळीस माणसं होती, आणि त्या चाळिसांना ते दिवसभर हुकूम सोडत. घरचा जिना चढला की त्यांना एकच शब्द येई. तो त्यांनी लिहिला: 'वरीलप्रमाणे.'

मधूनं तो शब्द पाहिला. तिला मैदानात पोटरीवर बुटाची टोकं बसली होती, एकदा नाक फुटलं होतं. पण तेव्हा समोर दुसरा संघ होता. आपल्याच गोलकीपरनं चेंडू उचलून आपल्याच जाळीत टाकावा, तसं तिला वाटलं.

"बाबा, खाली सही करायची आहे. संमतीची."

"वर सगळे नाही म्हणतायत ना, बेटा," ते हळूच म्हणाले. "मी खाली हो कसं लिहू?"

दोन वाजून गेले.

अडीचच्या सुमारास पिलाजीराव आले. गावातल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष. जिथे भरीत तिथे पिलाजीराव, असं गावात म्हणत, आणि ते ऐकून पिलाजीराव स्वतःच हसत. पाटावर बसता बसता ते म्हणाले, "बळवंतराव, पेढे कुठायत? अहो, शिबिराला आख्ख्या बडोद्यातून सात मुली! त्यांत मराठी एकच, तुमची नात! मी तर ठरवलंय, यंदाच्या स्मरणिकेत पहिल्या पानावर फोटो. कलेक्टरसाहेब येणारेत समारंभाला. मुलीचा फोटो, शेजारी आजोबांचा, काकांचा. तीन पिढ्या!"

भास्करराव आरामखुर्चीत ताठ झाले.

"काकांचा म्हणजे," भास्कररावांनी विचारलं, "थोरल्या काकांचा?"

"मधले काका खेळातले आहेत," जयवंतराव लगेच म्हणाले. "स्पोर्ट्सचा वारसा म्हटलं तर तो माझ्याकडून गेलाय. मोतीबाग..."

"तुझा वारसा पाण्याच्या बाटलीचा. अभ्यासाची शिस्त कुणी लावली पोरीला? गणितात सत्त्याण्णव काय हवेतून पडले?"

"मघाशी तीनाचा खुलासा मागत होतात," प्रेमलाकाकू पिलाजीरावांना भरीत वाढता वाढता म्हणाली.

"तू वाढ. जपून वाढ," भास्करराव गुरगुरले.

मधू कोपऱ्यात फॉर्म छातीशी धरून उभी होती. आता सही होईल, असं तिला वाटलं. तुम्हालाही वाटलं ना? पण लबाडी पलटली की ती आधी स्वतःच्या पाऊलखुणा पुसायला धावते. पुढचं काम मागून. पिलाजीराव विडा तोंडात घालून गेले, आणि भास्करराव उठले.

"फॉर्म दे. ते शेरे जायला हवेत. असा कागद कलेक्टरांच्या नजरेला पडला तर?"

"काका, खाडाखोड नका करू. सही झाली की मी तसाच देते."

"खाडाखोड? अगं, छत्तीस वर्षं ब्लेडनं शाई काढलीय मी. कागदाला कळतसुद्धा नाही."

त्यांनी दाढीचं ब्लेड आणवलं. सुरुवात बायकोच्या शेऱ्यापासून केली, कारण तो पुसायला कुणाची हरकत नव्हती. खर्र, खर्र. ब्लेड तिरकं धरून ते अगदी तल्लीन झाले. समासातलं 'सौ.' गेलं, 'ताट' गेलं. मग ब्लेड जरा उजवीकडे सरकलं आणि छापील चौकोनात शिरलं. कागदाला कळलं. रुपयाएवढं भोक पडलं, आणि त्यातून मधूची चौदा पोरं, भिंत, पाढे, सगळं आरपार गेलं. कागद उचलला तर भोकातून भास्कररावांचं धोतर दिसत होतं.

"हलवलंस तू टेबल," ते जयवंतरावांना म्हणाले.

"मी? मी चार हात लांब आहे, दादा. बँकेत असं कुणी केलं तर घरी बसवतात."

"मग तू तो कुलाचार का लिहिलास? त्यानंच घोळ झाला."

"आणि खुलासा कुणी मागवला?"

"पुरे!" भास्कररावांनी हात उचलला. "उपाय आहे. स्वतंत्र कागदावर साफ प्रत करू, वर शिफारस जोडू. देवेंद्र, तुझं अक्षर बरं आहे. लिही."

आणि तिघे भाऊ मजकुरावर बसले. सव्वातीन. साडेतीन. मधूची आई, उल्का, विद्यापीठाच्या ग्रंथालयात काम करायची. सणासाठी तिनं अर्धी रजा टाकली होती. ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. भास्करराव फेऱ्या मारत सांगत होते आणि देवेंद्र वळणदार अक्षरात उतरवत होते:

"श्रीमंत सरकारांच्या कृपेने आमचे आजोबा हुजूर कचेरीत... लिहिलंस? ...अत्यंत विश्वासाच्या जागी असून, त्यांचे चिरंजीव बळवंतराव..."

"त्यात खेळाचं घाला," जयवंतराव म्हणाले. "मैदानाशी घराण्याचा जुना संबंध."

"येतंय, येतंय. आधी कचेरी, मग मैदान."

पहिलं पान भरलं. दुसरं अर्धं झालं. पणजोबांची पागोटी आली, मोतीबाग आली, भास्कररावांची छत्तीस वर्षं आली. मधूनं बाबांच्या खांद्यावरून वाचलं. ती कुठेच नव्हती.

"बाबा," ती म्हणाली, "माझं नाव राहिलंय."

"शेवटी येईल ना, बेटा. 'अर्जदार' म्हणून," बाबा मान वर न करता म्हणाले.

चार वाजून वीस मिनिटं झाली. उल्का पुढे आली. "दादा, पाचला खिडकी बंद होते."

"उद्या देऊ. टाईप करून, सही-शिक्क्यानिशी. एवढं घराणं म्हटल्यावर एक दिवस इकडे तिकडे काय?"

"आज शेवटची तारीख आहे."

"अगं, पाच म्हणजे काही पाचच असतात का?"

"तुम्ही खिडकीवर होतात तेव्हा किती असायचे?"

भास्करराव थांबले. खोटं बोलायची त्यांची तयारी होती, पण हा प्रश्न धंद्याच्या अभिमानाचा होता. "पावणेपाच," ते ताठ मानेनं म्हणाले. "पावणेपाचनंतर माझ्या खिडकीत सरकारांचा मामा आला असता तरी घेतला नसता."

भास्कररावांना आपण काय बोललो ते कळलं नाही, आणि बाकीच्यांना कळलं तरी वय धाकटं असल्यामुळे ते कळून घेता येत नव्हतं.

उल्कानं नवऱ्याकडे पाहिलं. "अहो, सही करता?"

देवेंद्रांनी पेन थोडं उचललं. थोरल्या भावाकडे पाहिलं. "दादांचा मजकूर एकदा पूर्ण होऊ दे," ते म्हणाले आणि 'कृपाभिलाषी' या शब्दाची वेलांटी पुरी करू लागले.

"मधू," आई म्हणाली, "चपला घाल."

दोघी जिन्यात पोचल्या तेव्हा मागून भास्कररावांचा आवाज आला. "उल्का कुठे निघाली?"

"लिंबं आणायला," प्रेमलाकाकूनं परस्पर उत्तर दिलं. "तुमचा मजकूर संपेपर्यंत सगळ्यांना पित्त होणारे. सरबत लागेल." आणि मग जिन्यात वाकून, खालच्या आवाजात, "अगं ए, गाडीची किल्ली राहिली! हे घे. पाढे शिकवते म्हणे! मला आधी सांगायला काय झालं होतं? आमच्या कामवालीची पोरगी तिथेच राहते."

मधूनं वर पाहिलं. काकूचा चेहरा मघाइतकाच आंबट होता. किल्ली मात्र बरोबर हातात पडली.

उल्काची लुना रावपुऱ्याच्या गर्दीतून निघाली. घड्याळाच्या टॉवरपाशी रिक्षांनी वाट अडवली, एका भाजीवाल्यानं "जोईने चलावो, बेन!" म्हणून बघून चालवायला सुनावलं. मधू मागे बसून फॉर्म वाऱ्यात फाटू नये म्हणून पोटाशी दाबत होती. सयाजीगंजात ट्रस्टच्या ऑफिसाचा जिना त्या धावत चढल्या तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात पाचला अठरा मिनिटं कमी होती.

खिडकीमागच्या कारकुनानं फॉर्म उजेडाकडे धरला. भोकातून त्याचा एक डोळा मधूकडे बघू लागला.

"आ शूं छे, बेन? उंदरे खाधुं?"

"ना," मधू म्हणाली. "घरवाळाए." घरच्यांनीच खाल्लं होतं.

तो समास वाचू लागला. देवनागरी त्याला येत होती. 'लाथा मारणे' पाशी तो अडला, त्यानं पुन्हा वाचलं, आणि चष्मा काढला. "आ बधुं कोणे लख्युं? तमारा दुश्मने?"

"काकांनी. सख्ख्या," उल्का म्हणाली.

कारकुनानं भोकात बोट घालून मान हलवली. "काणावाळुं फॉर्म नहीं चाले. नियम छे." त्यानं खण उघडला, कोरा फॉर्म काढला, आणि जुन्यासकट खिडकीतून सरकवला. "नवुं भरो. दस मिनिट. पालक साथे छे ने? सही अहींज करी दो." त्यानं सहीच्या रेघेवर बोट ठेवलं.

"आईची चालते?" मधू म्हणाली.

"मा पालक नथी?" त्यानं विचारलं, आणि पुढच्या माणसाचा कागद ओढला.

उल्कानं पेन उघडलं. लग्नाला अठरा वर्षं झाली होती. या घराच्या एकाही कागदावर तिनं कधी अक्षर उमटवलं नव्हतं. तिनं आधी सही केली, सगळ्यांत खाली, वर काही लिहिलेलं नसताना. मग फॉर्म लेकीपुढे ठेवला.

"लिही. मी बघत नाही," ती म्हणाली आणि खरोखरच तोंड फिरवून रस्त्याकडे बघत उभी राहिली.

भिंतीशी लिहिण्यासाठी एक लाकडी टेबल होतं. मधूनं त्यावर कागद ठेवला, नावाचा 'म' काढायला घेतला, आणि टेबल डुगडुगलं. 'म' ची रेघ खाली घसरली. तिनं टेबल सरकवून पाहिलं. एक पाय आखूड होता. घड्याळात पाचला अकरा मिनिटं कमी.

बाळांनो, तुम्ही काय केलं असतं? मधूनं जुना फॉर्म उचलला. आबांचं 'पाहिले', मोठ्या काकांचा खुलासा, जयाकाकांचा कुलाचार, बाबांचं 'वरीलप्रमाणे', सगळं एकदा नीट बघितलं. मग त्याची मधोमध घडी घातली. पुन्हा घातली. आणखी एकदा. नखानं ती घट्ट दाबली, खाली वाकली, आणि ती जाड घडी टेबलाच्या आखूड पायाखाली सरकवून टाचेनं आत ठोकली.

टेबल हललं नाही. ती उठली, फ्रॉकला हात पुसले, आणि स्वतःचं नाव लिहायला बसली.